लॅक्स्टन: बांध नसलेल्या गावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॉटिंगहॅमला आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना रॉबिन हुडचं जंगल बघायचं असतं. ते दाखवून झालं की परतताना मी गाडी लॅक्स्टनकडे वळवते. गाडीतून उतरल्यावर पहिली पाच मिनिटं सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव असतो: हे बघायला आणलंस होय? मग आम्ही शेतापर्यंत चालत जातो आणि प्रश्न सुरू होतात. ज्यांच्या घरी अजून सातबारा आहे त्यांचे तर संपतच नाहीत. तेच प्रश्न इतक्यांदा झाले आहेत की एकदाचे लिहून काढलेले बरे.

हे गाव आहे कुठे, आणि त्यात बघण्यासारखं काय आहे?

मध्य इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉटिंगहॅमशर परगण्यात. जवळची मोठी गावं म्हणजे नेवार्क, ऑलर्टन आणि टक्सफर्ड. लॅक्स्टनमध्ये एक मुख्य रस्ता, दुतर्फा लाल विटांची कौलारू घरं, एक जुनं चर्च, एक पब आणि काही शे माणसं. इंग्लंडच्या पोस्टकार्डांवर असतात तशी गवताने शाकारलेली गुलाबांची घरं बघायची असतील तर दुसरीकडे जा.

बघायचं आहे ते गावाबाहेर. वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड अशी तीन अवाढव्य शेतं. मिळून साधारण ४८० एकर. इंग्लंडमध्ये कुठेही शेत म्हटलं की चारी बाजूंनी झुडपांचं कुंपण आलंच. इथे कुंपण नाही, तार नाही, बांधही नाही. आणि एकेका शेतात अनेक शेतकऱ्यांच्या पट्ट्या शेजारी शेजारी.

म्हणजे सामुदायिक शेती का?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त होतो. पट्टी ज्याची त्याची, पीक ज्याचं त्याचं, नफा-तोटाही ज्याचा त्याचा. सामायिक आहे ते वेळापत्रक. तीनपैकी एका शेतात शरदात गहू पेरायचा, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक घ्यायचं, म्हणजे जव, घेवड्याच्या जातीतलं कडधान्य वगैरे, आणि तिसरं पड ठेवायचं. पुढच्या वर्षी एक घर पुढे सरकायचं. दर तीन वर्षांनी चक्र पूर्ण. हल्ली पड शेतात गवत किंवा क्लोव्हरसारखा चारा घेऊ देतात, पण चक्र तेच आहे.

यातली खुबी अशी की प्रत्येकाच्या पट्ट्या तिन्ही शेतांत विखुरलेल्या असतात. सगळी जमीन एकाच शेतात असती तर पड वर्षी त्याने खायचं काय? शिवाय इथली माती लालसर, जड, चिकण. पावसाळ्यात (म्हणजे इथे वर्षभर) पाणी धरून ठेवणारी. कुठे उतार, कुठे पाणथळ. विखुरलेल्या पट्ट्यांमुळे बरी आणि वाईट जमीन सगळ्यांच्या वाट्याला थोडी थोडी येते. आजोबांनी चार मुलांत वाटणी करताना प्रत्येक तुकड्याचे चार भाग का केले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

पूर्वी सुगी झाली की उरलेल्या धसकटांवर सगळ्या गावाची जनावरं चरायला सोडत. त्यामुळे सगळ्यांनी ठरल्या दिवसापर्यंत पीक काढणं भाग असे. एकाने आळस केला की त्याचं उभं पीक शेजाऱ्याच्या मेंढ्यांच्या पोटात.

बांध नाही तर हद्द कशी कळते? भांडणं होत नाहीत?

होतात की! पण ती मिटवण्याची तऱ्हा वेगळी आहे, आणि माझ्या मते लॅक्स्टनमध्ये जपण्यासारखं जे काही आहे ते हेच. पट्ट्या हा त्याचा निव्वळ सांगाडा.

दर वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस, गहू पेरून झाला की ‘ज्यूरीचा दिवस’ येतो. आदल्या वर्षी शपथ घेतलेले गावचेच शेतकरी, म्हणजे आपल्या भाषेत पंच, आणि त्यांचा एक म्होरक्या, सगळे जमतात. ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत बसून गव्हाच्या शेतात जातात. तिथे हद्दीच्या जागा शोधून लाकडी खुंट्या ठोकतात. कुणी नांगर चालवता चालवता रस्त्यात शिरलंय का, चर बुजवून ठेवलाय का, सामायिक गवताची कड खाल्लीय का, हे चालत जाऊन बघतात. आपल्याकडे ‘बांध कोरणं’ म्हणतात तोच गुन्हा; फक्त इथे कोरायला बांधच नाही, म्हणून माणसं रस्ता कोरतात. त्या लाल ओल्या चिखलात ही मंडळी तासभर एका फूटभर जमिनीवरून डोकं लावताना दिसली की परकं असं काही वाटत नाही.

पाहणी झाली की पबमध्ये जेवण. जेवताना दोषींची यादी ठरते. जे पंच आहेत त्यांचीही नावं त्यात असू शकतात, कारण तेही तिथेच पेरतात.

साधारण आठवड्याने ‘कोर्ट लीट’ भरतं, म्हणजे जहागिरीचं गावकोर्ट. भरतं तेही पबमध्येच. जमीनमालकाचा कारभारी, बहुधा वकील, अध्यक्षस्थानी बसतो. हजेरी होते, गैरहजर राहणाऱ्याला नाममात्र दंड होतो, पंचांनी नोंदवलेले दंड वाचले जातात, पुढच्या वर्षीचे पंच शपथ घेतात. दंडाच्या रकमा ऐकून पाहुणे हसतात. त्या आज कुणाचंही दिवाळं काढणार नाहीत. पण ज्या शेजाऱ्यासोबत रोज बिअर प्यायची त्याच्यासमोर, भरल्या पबमध्ये आपलं नाव ‘रस्ता नांगरला’ म्हणून वाचलं जाणं ही शिक्षा काही कमी नाही.

या कोर्टाला खरोखरचा अधिकार आहे की नुसता तमाशा?

खरा आहे. इंग्लंडमध्ये जहागिरींची अशी कोर्टं मध्ययुगात गावोगावी होती. पुढे बहुतेक निकामी झाली. जी उरली ती झगे घालून मिरवणूक काढण्यापुरती. १९७७ च्या न्यायव्यवस्थेसंबंधीच्या कायद्याने उरलेल्यांचे अधिकारही काढून घेतले. लॅक्स्टनचा अपवाद ठेवला, कारण इथलं कोर्ट अजून शेतं चालवत होतं.

बाकीच्या गावांत हे का उरलं नाही?

एके काळी मध्य इंग्लंडमधली बहुतेक गावं अशीच होती. मग ‘एन्क्लोजर’ आलं, म्हणजे खुली शेतं आणि गायरानं मोडून त्यांचे सलग तुकडे करायचे आणि त्यांना कुंपण घालायचं. काही ठिकाणी हे आपसांत झालं. पण मुख्य लाट संसदेच्या कायद्यांनी आली, विशेषतः १७५० नंतरच्या शंभर वर्षांत. १६०४ ते १९१४ या काळात असे पाच हजारांवर कायदे झाले. जवळजवळ गावागणिक एक.

शेतीचं उत्पन्न वाढलं हे खरं. सलग जमीन असली की माणूस निचरा करतो, नवं पीक करून बघतो, शेजाऱ्याची परवानगी लागत नाही. पण ज्याच्याकडे जमीन नव्हती, नुसता एक गाय चारण्याचा हक्क होता, त्याच्या हातात काय आलं? एखादा चिमूटभर तुकडा, आणि त्याला स्वखर्चाने कुंपण घालण्याची अट. तो तुकडा विकला गेला आणि माणूस मजूर झाला, नाहीतर शहराकडे गेला. आज प्रवासी ज्या हिरव्या चौकटींच्या इंग्लंडचे फोटो काढतात त्यातला बराचसा भाग अडीचशे वर्षांपूर्वी मोजणीदाराने कागदावर आखलेला आहे.

मग लॅक्स्टनच कसं वाचलं?

पाहुण्यांना इथे एखादा बंडखोर शेतकरी अपेक्षित असतो. तसा कुणी नाही. एन्क्लोजर इथेही व्हायचंच होतं. पण गावात दोन बडे जमीनदार होते, अर्ल मॅनव्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो, आणि त्यांचं एकमत होईना. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेतमालाचे भाव कोसळले आणि एवढा खर्च करण्यात कुणाला रस उरला नाही. दोन सरदारांचा हेका आणि मंदी, एवढंच भांडवल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अर्ल मॅनव्हर्सने पट्ट्या एकत्र करून मोठ्या केल्या, त्यामुळे आजच्या पट्ट्या मध्ययुगातल्या इतक्या चिंचोळ्या नाहीत. पण पद्धत मोडली नाही.

इंग्लंडमध्ये खुल्या शेतांचे अवशेष आणखीही आहेत. डेव्हनमधलं ब्राँटन, लिंकनशरमधला आयल ऑफ ॲक्सहोम. तिथे पट्ट्या आहेत; पंच आणि कोर्ट मात्र नाही.

आज जमिनीचा मालक कोण? शेतकरी?

इथे पाहुण्यांचा भ्रमनिरास होतो. शेतकरी बहुतांश कुळं आहेत. एकूण चौदा-पंधरा शेतकरी घरं, आणि त्यांचा जमीनमालक एक.

गाव पियरपॉइंट घराण्याकडे आलं १६४० च्या सुमारास. अर्ल मॅनव्हर्स याच घराण्यातले. १९५२ साली अर्लने ते सरकारच्या शेतकी मंत्रालयाला विकलं, म्हणजे ही पद्धत कुणा व्यापाऱ्याच्या हाती जाऊन मोडू नये. १९८१ मध्ये मंत्रालयाने ते क्राउन इस्टेटकडे दिलं; राजमुकुटाच्या नावाने असलेल्या मालमत्ता ही संस्था सांभाळते आणि नफा सरकारी तिजोरीत जातो. २०२० मध्ये क्राउन इस्टेटने ते थोर्सबी इस्टेटला विकलं. थोर्सबी म्हणजे पुन्हा पियरपॉइंटांचेच वारस. फिरून भोपळे चौकात.

आपल्याकडे १९४८ चा कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ ला कसणारा कागदोपत्री मालक झाला. तसं इंग्लंडमध्ये कधीच झालं नाही. त्यामुळे लॅक्स्टनला ‘गावकऱ्यांचं राज्य’ म्हणणारे लेख वाचले की मला हसू येतं. खोताच्या गावात पंचांचा कारभार चालावा, तसं हे आहे. आणि उलटंही म्हणता येईल: प्रत्येक पट्टी विकायला मोकळी असती तर हा खेळ कधीच संपला असता.

शेतातल्या गवताच्या पट्ट्या पड आहेत का?

नाही, ते ‘साइक’. शेतातला जो भाग फार उताराचा किंवा फार ओला, तो कधीच नांगरला गेला नाही. तिथे गवत वाढतं. या गवताचा दर वर्षी लिलाव होतो आणि पैसे सामायिक हक्क असलेल्यांत वाटले जातात. शतकानुशतकं नांगर न लागल्यामुळे तिथे रानफुलं टिकली आहेत आणि त्यांना सरकारी संरक्षणही आहे. जूनमध्ये गेलात तर शेतापेक्षा साइकच बघत बसाल.

एकराचा या पट्ट्यांशी काही संबंध आहे का?

आहे, आणि थेट! आपण अजून ‘दोन एकर रान’ म्हणतो. सातबाऱ्यावर हेक्टर-आर आलं तरी तोंडातून एकर जात नाही. हा शब्द आणि हे माप इंग्रजांबरोबर आपल्याकडे आलं, आणि त्याचा उगम अशाच पट्टीत आहे. बैलांची जोत दिवसभरात नांगरेल तेवढी जमीन म्हणजे एकर: २२० यार्ड लांब, २२ यार्ड रुंद. २२० यार्डांचं एक तास, म्हणजे नांगराची एक चरी, नांगरलं की बैलांना दम खायला द्यायचा. त्या लांबीला म्हणायचे ‘फरो लाँग’, तासाची लांबी. तोच आपला फर्लांग. ‘इथून फर्लांगभर’ म्हणणाऱ्या आपल्या आजोबांना कुठे माहीत होतं की ते इंग्लंडच्या बैलांचा दम मोजताहेत.

हिशेब करून बघा: २२० गुणिले २२ म्हणजे ४,८४० चौरस यार्ड. आपला गुंठा १२१ चौरस यार्डांचा. चाळीस गुंठे, बरोबर एक एकर.

आणि मध्ययुगात जोत आठ-आठ बैलांची असे. एवढं लटांबर शेताच्या टोकाला वळवायचं तर आधीपासूनच बाजू काढावी लागे. म्हणून जुन्या पट्ट्या सरळ नसून किंचित नागमोडी असत.

जुना नकाशा आहे म्हणतात, तो कोणता?

१६३५ चा. तेव्हाचा मालक सर विल्यम कोर्टन हा लंडनचा व्यापारी. विकत घेतलेलं गाव नेमकं किती हे कळावं म्हणून त्याने मार्क पिअर्स या मोजणीदाराकडून प्रत्येक पट्टीची मोजणी करून घेतली. नकाशाबरोबर एक वहीही आहे, कुठली पट्टी कुणाची याची. थोडक्यात, गावनकाशा आणि सातबारा. पिअर्सने त्यात नांगरणारे, कापणी करणारे, शिकारी असे छोटे छोटे लोकही रंगवले आहेत, त्याबद्दल त्याला वेगळे पैसे मिळाले नसणार. मूळ नकाशा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. चार्ल्स आणि ख्रिस्टाबेल ऑर्विन या दांपत्याने त्याचा अभ्यास करून १९३८ मध्ये खुल्या शेतांवर पुस्तक लिहिलं, आणि तेव्हापासून लॅक्स्टन इतिहासकारांच्या नकाशावर आलं.

लॅक्स्टन या नावाचा अर्थ?

‘टन’ म्हणजे जुन्या इंग्रजीत वाडी, वस्ती. लेक्सा नावाच्या कुणाची तरी वाडी. हा लेक्सा कोण, कुणालाच ठाऊक नाही. आपल्याकडच्या निम्म्या वाड्यांचंही तेच आहे. विल्यम राजाच्या १०८६ च्या सर्वेक्षणात गावाची नोंद आहे. त्याआधीचा मालक टोकी. नाव डॅनिश वळणाचं, कारण हा सगळा भाग एके काळी डॅनिश लोकांच्या ताब्यात होता.

किल्ला कुठे आहे?

‘कॅसल’ची पाटी वाचून प्रतापगडाच्या अपेक्षेने जाऊ नका. तो मातीचा उंच ढिगारा आहे, भोवती खंदक आणि पटांगण. वर मेंढ्या चरतात. विदर्भ-मराठवाड्यातल्यांना मी ‘गढी’ म्हणून सांगते आणि त्यांना लगेच कळतं. फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांनी बांधलेल्या अशा गढ्यांपैकी नॉटिंगहॅमशरमधली ही सगळ्यात चांगली टिकलेली. इथले दे कॉ आणि नंतरचे एव्हरिंगहॅम हे सरदार शेरवुड जंगलाचे वंशपरंपरागत राखणदार होते. म्हणजे रॉबिन हुड खरा असला तर राजाची हरणं मारल्याबद्दल त्याला पकडायची जबाबदारी याच घरची. चर्चमध्ये एव्हरिंगहॅमांच्या थडग्यांवरच्या शयनमूर्ती आहेत. त्यातली एका स्त्रीची मूर्ती ओकच्या लाकडात कोरलेली आहे, ती चुकवू नका.

सगळी शेतकरी घरं गावातच कशी? शेतावर कुणीच राहत नाही?

आपल्याला हे नेहमीचं वाटतं, पण इंग्लंडमध्ये विचारण्यासारखा प्रश्न आहे. एन्क्लोजरनंतर इंग्रज शेतकरी आपापल्या सलग जमिनीच्या मध्यावर घर बांधून एकटा राहू लागला. लॅक्स्टनमध्ये जमीन तीन दिशांना विखुरलेली, मग घर कुठल्या पट्टीवर बांधणार? म्हणून सगळे गावात. बरीच घरं रस्त्याला तोंड करून नसून अंग चोरून उभी आहेत, भिंतीची त्रिकोणी बाजू रस्त्याकडे. आत अंगण, गोठे, कोठारं, मागे परडं. सुगीच्या दिवसांत ट्रॅक्टर थेट गावातल्या रस्त्याने आत शिरतात.

मोकाट जनावरांचा कोंडवाडाही आहे. आपल्या ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यासारखाच. आता रिकामा.

पबचं नाव ‘डव्हकोट’. म्हणजे कबुतरखाना?

हो. पण दादरच्या कबुतरखान्याची आठवण काढू नका. जुन्या काळच्या जमीनदारांच्या कबुतरखान्यातली कबुतरं त्यांच्या ताटात जायची. पबजवळच या शेतीपद्धतीची माहिती देणारं छोटं प्रदर्शन आहे.

याच गावात ज्यूंच्या वंशसंहाराचं संग्रहालय आहे, हे खरं का?

खरं आहे. १९९५ मध्ये स्मिथ नावाच्या एका ख्रिस्ती कुटुंबाने ते इथे सुरू केलं. ब्रिटनचं राष्ट्रीय होलोकॉस्ट संग्रहालय या आडगावी आहे हे ऐकून सगळे चमकतात. त्याचा शेतांशी संबंध नाही, आणि अर्ध्या तासात उरकण्याची ती जागाही नाही. वेगळा दिवस काढा.

आपल्याकडे असं काही करता येईल का?

हा प्रश्न नेहमी कुणीतरी मामा विचारतात. आपल्याकडे १९४७ पासून तुकडेबंदी आणि तुकडेजोडीचा कायदा आहे, म्हणजे आपण कागदावर इंग्लंडच्या एन्क्लोजरच्याच दिशेने निघालो होतो. विखुरलेले तुकडे म्हणजे मागासलेपण, असं दोन्हीकडच्या साहेबांचं मत होतं. ती पद्धत उचलून आणणं शक्य नाही आणि गरजही नाही. लॅक्स्टनच्या शेतकऱ्यांनाही निव्वळ पट्ट्यांवर भागत नाही. त्यांच्याकडे कुंपणाआडची वेगळी जमीनही असते. पण वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून शिवारात चालत जायचं, जागेवर उभं राहून हद्द ठरवायची, खुंटी ठोकायची आणि संध्याकाळी एकत्र जेवायचं, याला कुठला कायदा आड येतो? आमच्या भावकीतला तीन फुटांचा दावा तालुक्याला सतरा वर्षं चालू होता. तिथवर आले की मामा विषय बदलतात.

जायचं कसं, कधी, आणि शेतात फिरू देतात का?

लंडनहून किंग्ज क्रॉसवरून नेवार्कपर्यंत रेल्वे, पुढे गाडी हवीच. बसच्या भरवशावर राहू नका. हिरवळ आणि फुलांसाठी जून, पिवळ्या गव्हासाठी ऑगस्टचा पहिला पंधरवडा, आणि पट्ट्यांचे वेगवेगळे रंग बघायचे तर नांगरट चालू असतानाचा शरद. शेतांमधून जाणाऱ्या पायवाटांवर सगळ्यांना चालण्याचा हक्क आहे, पिकात पाय टाकण्याचा नाही. खुंटी दिसली तर उपटून बघू नका. आणि बूट जुने घाला. तो लाल चिखल एकदा तळव्याला चिकटला की नॉटिंगहॅमपर्यंत सोबत येतो, आणि माझ्या गाडीत राहतो.